पुढचं वाक्य दुसऱ्याचं

मला लिहिता येतं, असा वयाच्या ७१ व्या वर्षापर्यंत माझा समज होता. तो एका १९ वर्षांच्या मुलानं साडेतीन ओळींत दूर केला.

हा समज अगदीच निराधार होता असं नाही. एका बँकेत मी ३६ वर्षं खर्डेघाशी केली. थकबाकीदारांना मराठीतून पाठवायची पत्रं शाखेत माझ्याकडे असत. माझं एक पत्र वाचून तालुक्याच्या गावचा एक कर्जदार ढसाढसा रडला होता, ही गोष्ट मी घरी अनेकदा सांगितली आहे. तो भाषेमुळे नव्हे, तर आकड्यामुळे रडला होता, ही सौ.ची पुस्ती. शिवाय सोसायटीच्या सूचनाफलकावरचं माझं ‘वरील मजल्यावरून केर टाकणाऱ्यांस’ हे निवेदन लोक थांबून वाचत. केर टाकणं थांबलं नाही, तो भाग वेगळा. साहित्यानं समाज सुधारतो, असं मी कधीच म्हटलेलं नाही.

तर असा हा सिद्धहस्त लेखक घरात असताना आमची नात शिकायला म्हणून नाशिकहून ठाण्याला आमच्याकडे राहायला आली. पोरगी गुणी. पण रात्री जेवणं झाली की मोबाइल घेऊन गॅलरीत बसायची आणि एक-एक वाजेपर्यंत काहीतरी टंकत राहायची. मध्येच खुदकन हसायची, मध्येच गंभीर व्हायची. एकदा तर डोळेही पुसले.

“मुलगा कोण असेल?” सौ.नं अंधारात छताकडे बघत विचारलं.

“विचारू या की सरळ.”

“सरळ नका विचारू. तुम्ही विचारलंत की चौकशी समिती बसल्यासारखं वाटतं.”

मग मी एका रात्री पाणी प्यायच्या निमित्तानं गॅलरीत गेलो आणि तिच्या खांद्यावरून चोरून वाचलं. (हे वाईट आहे, मला माहीत आहे. पण आजोबांना काही सवलती असतात.) पडद्यावर लिहिलं होतं : ‘रायाजीनं उरलेल्या डोळ्यानं दाराकडे पाहिलं. दाढीत अडकलेला भाताचा कण काढला आणि तलवार मांडीवर घेतली.’

मी खोलीत परत आलो.

“काय? आहे का काही प्रकरण?” सौ.

“प्रेमप्रकरण नाही,” मी म्हटलं. “पण दाढी आहे.”

दुसऱ्या दिवशी उलगडा झाला. रायाजी म्हणजे आमची नातच. धुकेगड नावाच्या काल्पनिक गडाचा एकडोळा, निवृत्त सरनोबत. असे सात-आठ जण, कोणी नागपूरचा, कोणी सांगलीची, एक जण थेट टोरांटोत. डिस्कॉर्ड नावाच्या ठिकाणी जमतात आणि प्रत्येक जण एकेक पात्र होऊन एकच गोष्ट पाळीपाळीनं लिहीत जातात. नाटककार नाही, दिग्दर्शक नाही, प्रेक्षकही नाहीत. यानं दोन परिच्छेद लिहायचे, मग त्यानं लिहायचे. या प्रकाराला रोलप्ले म्हणतात.

“म्हणजे भातुकलीच!” मी म्हटलं.

“हो आबा. फक्त भांडी लिहून काढायची.”

मग तिनं या खेळाचं घराणं सांगितलं. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ काढला. टेबलाभोवती बसायचं, फासे टाकायचे आणि आपण योद्धा किंवा जादूगार आहोत असं समजून तोंडानं गोष्ट पुढे न्यायची. पुढे १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्यानं संगणकावर ‘मड’ नावाचं असंच एक जग रचायला घेतलं आणि रिचर्ड बार्टल या दुसऱ्या विद्यार्थ्यानं ते पुढे वाढवलं. त्यात चित्रं नव्हतीच. नुसते शब्द. समोर दार आहे असं पडद्यावर उमटायचं, मग आपण काय करतो ते टंकायचं. एकाच वेळी अनेक जण त्या जगात हिंडत असत. त्यानंतर १९८९ साली ‘टायनीमड’ म्हणून एक निघालं, त्यात तर मारायला राक्षसही नव्हते. लोक आपले यायचे, शब्दांच्या खोल्या बांधायचे आणि गप्पा मारत बसायचे. मला ही कल्पना फार आवडली. कारण त्याच १९७८ साली मी बँकेला चिकटलो होतो, आणि तिथेही बरेच जण असंच करत असत.

“मीही येतो,” मी म्हटलं.

नात जरा चपापली. पण नाही म्हणायचे तिच्यावर संस्कार नव्हते. “या. पण लिहिता यायला लागेल हं, आबा,” एवढंच ती म्हणाली. मी मंद हसलो. थकबाकीदारांना पत्रं लिहिलेला माणूस जसा हसेल, तसा.

प्रवेशासाठी एक अर्ज होता. अर्ज दिसताच मला माहेरी आल्यासारखं वाटलं. पात्राचं नाव, वय, रूप, गुण, दोष, त्याला भीती कशाची वाटते आणि त्याला हवंय काय. मी झरझर भरला. नाव : राजकुमार वीरसेन. वय : २५. रूप : मदनाचा पुतळा. गुण : धनुर्विद्या, संगीत, सात भाषा, घोडेस्वारी, पाककला. दोष : नाहीत. भीती : कशाचीच नाही. काय हवंय : सर्व काही आहे.

खेळाचा व्यवस्थापक नागपूरचा होता. माझं वय त्याला ठाऊक नव्हतं. त्याचं उत्तर आलं : “भाऊ, याच्यापाशी सगळंच आहे, तर हा आपल्या खानावळीत आला कशाला?”

नातीनं समजूत घातली. म्हणाली, हे नवशिक्या प्रत्येकाचं होतं. अशा सर्वगुणसंपन्न पात्राला त्यांच्यात ‘मेरी सू’ म्हणतात. १९७३ साली पॉला स्मिथ नावाच्या बाईनं, ‘स्टार ट्रेक’ या मालिकेच्या चाहत्यांसाठी निघणाऱ्या एका छोट्या अंकात, हौशी लेखकांची टर उडवणारी एक चिमुकली कथा लिहिली. तिची नायिका साडेपंधरा वर्षांची, साऱ्या अवकाशदलातली सर्वांत तरुण अधिकारी, आणि तिला येत नाही असं काही नाही. तिचं नाव मेरी सू. नायिका कथेच्या शेवटी मेली, पण तिचं नाव अमर झालं. मला वीरसेनचा मोह सुटत नव्हता. पण ज्याला काहीच नको आहे, त्याला दुसऱ्या कोणाची गरजच नसते, आणि मग बाकीच्या सात जणांनी काय त्याच्याकडे बघत बसायचं? नातीचा हा मुद्दा बिनतोड होता.

मग मी गडावरचा अंतोबा कारकून निर्माण केला. वय ६०, गुडघा अधू. दोषांच्या रकान्याशी येऊन मात्र अडलो. स्वयंपाकघरात सौ. मटार सोलत होती.

“अगं, माणसात साधारण काय काय दोष असतात?”

मान वर न करता ती म्हणाली, “घोरतो. आपलंच खरं करतो. दुसऱ्याचं वाक्य मध्येच तोडून आपणच पुरं करतो. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतो. चूक झाली तर ‘झाली’ म्हणतो, ‘माझी झाली’ म्हणत नाही—”

“हळू, हळू, लिहून घेतोय.”

अर्ज दहा मिनिटांत मंजूर झाला. शेरा होता : “भाऊ, एकदम खरा माणूस वाटून राहिला!”

आता प्रत्यक्ष लेखन. धुकेगडाच्या पायथ्याशी गोदाक्काची खानावळ आहे. या खेळातल्या गोष्टी म्हणे जगभर खानावळीतच सुरू होतात. अनोळखी माणसांना एकत्र यायला पोटाइतकं चांगलं कारण दुसरं नाही. (गोदाक्का म्हणजे सांगलीची ती मुलगी असावी असा माझा अंदाज होता. ती मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाचा, मिशा असलेला एक मुलगा निघाली.) पहिल्या दिवशी मी लिहिलं :

‘सायंकाळी ७ वाजता सदर खानावळीत प्रवेश करण्यात आला. उपस्थितांना नमस्कार करण्यात आला. तदनंतर भोजनाची मागणी नोंदविण्यात आली.’

नात बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “आबा, प्रवेश कोणी केला?”

आणि मला एकदम उमगलं की ३६ वर्षं मी एकाही वाक्याला कर्ता दिलेला नाही! बँकेत कोणी काही करतच नाही. तिथं ते करण्यात येतं. कर्ज नाकारण्यात येतं, खुलासा मागविण्यात येतो, प्रकरण वर पाठविण्यात येतं. हे व्याकरण नव्हे, चिलखत आहे. पुढेमागे चौकशी झाली तर वाक्यात सापडायला माणूस नको. पण इथे भुकेल्या अंतोबाला पाटावर बसवायचं, तर त्याला वाक्यात आधी आणायला हवं. मी खोडलं आणि लिहिलं : ‘अंतोबा आत आला. गुडघा धरून पाटावर बसला.’ दोन वाक्यं लिहायला पंचवीस मिनिटं लागली. उघड्यावर आंघोळ केल्यासारखं वाटलं.

दुसरी चूक याच्या बरोब्बर उलट. कर्ता सापडल्याच्या आनंदात मी गडावरचा सूर्यास्त लिहायला घेतला. ९०० शब्द. डिस्कॉर्डवर एका वेळी २००० अक्षरं मावतात, आणि आपल्या काना-वेलांट्यासुद्धा त्यात वेगळ्या मोजल्या जातात. त्यामुळे माझा सूर्य तीन हप्त्यांत मावळला. केशरी छटा होत्या, घरट्याकडे परतणारे पक्षी होते, एक उपमा तर अशी होती की मीच दोनदा वाचली. पाठवलं आणि कौतुकाची वाट बघत बसलो.

एक दिवस गेला. दोन गेले. सारं सामसूम.

“सगळे आजारी आहेत का गं?”

“नाही आबा. पण तुमचं वाचून झाल्यावर रायाजीनं करायचं काय?”

“सूर्यास्त बघायचा!”

“तो बघतोय. दोन दिवस झाले.”

मग तिनं शिकवलं ते असं. आपला मजकूर संपताना समोरच्याच्या हाताला धरायला काहीतरी लागलं पाहिजे. एखादा प्रश्न, अर्धवट उघडं दार, खाली पडलेली चिठ्ठी, चुकवलेली नजर. नाहीतर ते भाषण होतं. भाषणानंतर लोक टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. मी हे मनावर घेतलं, अंमळ जास्तच. गोदाक्कानं तीन परिच्छेद खर्चून विचारलं की अंतोबाला ते पेटीचं रहस्य ठाऊक आहे काय, तर मी उत्तर दिलं : ‘होय.’ मेकॅनिकलच्या त्या मुलानं म्हणे त्या रात्री अन्नाला शिवलं नाही.

तिसरी चूक गुप्तहेरगिरीची. ती पेटी टोरांटोवाल्यानं गवताच्या गंजीत लपवल्याचं मी त्याच्या मजकुरात वाचलं होतं. अंतोबा दुसऱ्या दिवशी सकाळी उठून, तोंडही न धुता, थेट गंजीत हात घालता झाला. “अंतोबाला कसं कळलं?” अशी ओरड झाली. आपल्याला माहीत असलेलं सगळं आपल्या पात्राला माहीत असायचं कारण नाही, हा इथला मोठा नियम. आमच्या सोसायटीत तो लागू केला तर निम्म्या बायकांचं बोलणं बंद होईल. आणि पुरुषांचं सगळं.

एक गंमत मात्र आवडली. पात्राच्या बाहेर येऊन स्वतः म्हणून काही बोलायचं असेल, तर ते दुहेरी कंसात लिहायचं. नाटकाच्या पुस्तकात कंसात असतं ते ‘(रागाने फेऱ्या मारतो)’. म्हणजे कंसाबाहेर बोलणं आणि कंसात वागणं. इथे सारं उलट. कंसाबाहेर अख्खा गड लढतोय, आणि कंसात ‘((उद्या पेपर आहे, मरा तुम्ही))’.

आता ती साडेतीन ओळींची हकीकत. गडावर दंगल झाली आणि माझ्यातला वीरसेन उसळून आला. मी लिहिलं : ‘अंतोबानं काठी फिरवली. रायाजीची तलवार हातातून उडाली आणि तो कोसळला. गोदाक्का बेशुद्ध पडली. सर्वांनी अंतोबाचा जयजयकार केला.’

नागपूरहून उत्तर आलं : “भाऊ, तुम्ही एका दमात सगळ्यांचे हातपाय हलवून टाकले. तुमचे हातपाय तुम्ही हलवा. काठी तुमची आहे, पण ती लागली की नाही ते रायाजी सांगेल. बेशुद्ध पडायचं की नाही ते गोदाक्का ठरवेल. बाकी तुमचं मराठी एक नंबर आहे.”

या गुन्ह्याला त्यांच्यात ‘गॉडमोडिंग’ म्हणतात. म्हणजे स्वतःला देव समजून दुसऱ्याचं प्रारब्ध लिहून टाकणं. मला राग आला. आयुष्यभर मी पूर्ण वाक्यं लिहिली. अर्धीच घटना लिहून कलम खाली ठेवायचं म्हणजे काय? पण इरेला पेटलो आणि लिहिलं : ‘अंतोबानं दोन्ही हातांनी काठी उगारली, डोळे मिटले आणि रायाजीच्या दिशेनं फिरवली.’ पूर्णविराम. ‘तो कोसळला’ हे दोन शब्द बोटांच्या टोकाशी येऊन उभे होते. मी हात मांडीखाली घेऊन बसलो.

नातीचं प्रॅक्टिकल होतं. उत्तर दुसऱ्या दिवशी चार वाजता आलं : ‘काठी रायाजीच्या कानाजवळून गेली आणि चुलीवरच्या पिठल्याच्या कढईत पडली. एक शिंतोडा त्याच्या फुटक्या डोळ्यावर उडाला. “कारकून,” तो शांतपणे म्हणाला, “आता जेवायचं काय?”’

मी एवढ्यांदा हसलो की सौ. हातात झारा घेऊन धावत आली. हसू ओसरल्यावर ध्यानात आलं, की हे पिठलं मला हजार वर्षांत सुचलं नसतं. मी ‘तो कोसळला’ लिहिलं असतं, तर तो कोसळला असता आणि गोष्ट तिथेच संपली असती.

मग जुन्या गोष्टी आठवायला लागल्या. आपल्या तमाशात पूर्वी वगाची वाक्यं कुठं लिहिलेली असत? कथानक ठरलेलं, बाकी सगळं उभ्याउभ्या. सरदारानं एक टाकायचं, सोंगाड्यानं ते झेलून परतवायचं. वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’त दादा कोंडके पदरची वाक्यं घालत आणि लोक तेवढ्यासाठी पुन्हा पुन्हा जात. पण पदरचं वाक्य घालणाऱ्याला समोरच्यानं काय टाकलंय ते आधी ऐकावं लागतं. आमच्या बँकेच्या एकांकिका स्पर्धेत मी हवालदार झालो होतो. चोराची तीन वाक्यं मीच म्हणून टाकली होती, कारण ती मला पाठ होती. तालमीच्या वेळीच आमचे दिग्दर्शक म्हणाले होते, “रंगमंचावर दोन माणसं आहेत हे प्रेक्षकांना दिसतंय रे. तुला कधी दिसणार?” त्यांचा तो प्रश्न मी इतकी वर्षं विनोद म्हणून सांगत आलो.

धुकेगडावर तुळशी नावाची एक मुकी पोर होती. तिचं काम कोण करतं ते मला अजूनही माहीत नाही. ती खानावळीच्या कोपऱ्यात बसलेली असे आणि कनवाळू अंतोबा तिच्या वतीनं बोलत असे. ‘तुळशीला भूक लागली होती, म्हणून अंतोबानं भाकरी मागितली.’ ‘तुळशीला थंडी वाजत होती, म्हणून अंतोबानं घोंगडी दिली.’ आपण किती चांगले आहोत, या जाणिवेनं मला लिहिताना भरून येई. पंधरा दिवसांनी तिच्याकडून दुहेरी कंसात मजकूर आला : ‘((तुळशी मुकी आहे, पण तिला भूक लागली की नाही ते मला माहीत असतं. तिला एकदा विचारा ना.))’

त्या रात्री मी तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. शेवटी एवढंच ठेवलं : ‘अंतोबानं धूळपाटी तिच्यापुढे सरकवली आणि गप्प बसला.’

दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी तुळशीनं धुळीत बोटानं चित्र काढलं. गडाच्या चोरदरवाजाचं. आम्ही सात-आठ शूर, चतुर माणसं जो दरवाजा पंधरा दिवस शोधत होतो, तो त्या पोरीला पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. तिला कोणी विचारलं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, खेळातल्या गोष्टी खेळात. मीही तसंच समजत होतो. पुढच्या महिन्यात सौ.ला घेऊन आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. आमचं लग्न १९८२ सालचं. तेव्हापासूनचा रिवाज असा, की डॉक्टरांनी तिला विचारायचं आणि मी सांगायचं. तिला तिखट सोसत नाही, तिला झोप चांगली लागते, तिची पित्तप्रकृती आहे. ती आपली पर्स मांडीवर घेऊन, आपल्याबद्दलची माहिती ऐकत बसलेली असे.

“काय होतंय, काकू?” डॉक्टरांनी विचारलं.

“हिला ना—” मी सुरुवात केली, आणि का कोण जाणे, ती धूळपाटी डोळ्यांपुढे आली. मी तोंड मिटलं.

खोलीत शांतता पसरली. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मलाच काही होतंय का म्हणून. सौ.नंही पाहिलं. माझ्या जिभेवर ‘पित्त’ हा शब्द तयार होता. हात मांडीखाली घ्यायची सोय त्या खुर्चीत नव्हती, म्हणून छत्रीची मूठ घट्ट धरून बसलो.

“जिना चढताना छातीवर दडपण आल्यासारखं होतं,” सौ. हळूच म्हणाली. “तीन महिने झाले. जरा थांबलं की जातं. हल्ली रात्री उशी उंच घ्यावी लागते.”

तीन महिने! ती उंच उशी मला माहीत होती. तिनं नवी उशी आणली तेव्हा मी नातीला म्हणालो होतो, “तुझ्या आजीला उशांची भारी हौस.”

मग कार्डिओग्राम झाला, पुढच्या तपासण्या झाल्या. हृदयाच्या एका रक्तवाहिनीत अडथळा निघाला, तिथे स्टेंट बसवला. “वेळेवर आलात,” हृदयाचे डॉक्टर म्हणाले. त्या वाक्यानंतर मी कॉरिडॉरमधल्या बाकड्यावर बराच वेळ बसून होतो. आता ती छान आहे. रोज संध्याकाळी चाळीस मिनिटं चालते, आणि मी मागे पडतो.

घरी परतताना रिक्षात मी विचारलं, “मला का नाही सांगितलंस?”

“कधी सांगणार?” ती बाहेर बघत म्हणाली. “तुम्ही सांगतच होतात ना सगळं.”

तेव्हापासून मी घरातही तोच नियम पाळायचा प्रयत्न करतो. आपले हातपाय आपण हलवायचे. आपलं बोलून झालं की पूर्णविराम द्यायचा आणि थांबायचं. सुरुवातीला मी असा थांबलो की सौ. घाबरून कपाळाला हात लावून बघायची. नातीला वाटलं, आबा रुसले. सवय व्हायला दोन्हीकडून वेळ लागतोय. धुकेगडावर मात्र माझी बढती झाली आहे. नव्या येणाऱ्यांचे अर्ज आता माझ्याकडे असतात. परवाच एकानं दोषांच्या रकान्यात ‘नाहीत’ लिहिलं होतं. मी शेरा मारला, ‘घरच्यांना विचारून पुन्हा सादर करणे.’

आणि गेल्या रविवारची गोष्ट. नव्या शेजाऱ्यांनी आम्हाला बोलावलं होतं. “वहिनी, चहा घेणार की कॉफी?” असा प्रश्न आला. उत्तर मला ४३ वर्षं पाठ आहे. लग्न होऊन घरी आलो त्याच दिवशी मी आईला सांगितलं होतं, “ती चहाच घेते.” मी छताकडे बघत बसलो.

“कॉफी,” सौ. म्हणाली. “कडक. मला चहा कधी आवडलाच नाही हो.”

रात्री मी अंतोबाचा जुना अर्ज काढून तिच्यापुढे धरला आणि विचारलं, दोषांच्या रकान्यातला तिसरा, तो दुसऱ्याचं वाक्य तोडण्याचा, आता खोडू का? तिनं चष्मा लावला, अर्ज सावकाश पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, घडी करून उशीखाली ठेवला आणि दिवा घालवला.

उत्तर अजून आलेलं नाही. मी थांबलो आहे.